जेवणानंतरची ट्रायल

तीन बहिणींत ती मधली, म्हणून घरात सगळे तिला मधलीच म्हणत. पुढे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात लागली, तर तिथंही ती मधलीच झाली, आणि त्याचं श्रेय कटिंग मास्तरांना. पहिल्याच दिवशी मास्तरांनी तिला खिडकीपाशी उभं केलं, एक डोळा मिटला, दुसऱ्यानं खांद्यापासून घोट्यापर्यंत न्याहाळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं की लहान, मधलं आणि मोठं यातलं मधलं माप आज सापडलं. बिचारी मशीनवर शिवायला आली होती, आणि माप होऊन बसली.

मास्तर म्हणजे अवघड प्रकरण. नाकाच्या शेंड्यावर राग, कानावर खडू आणि गळ्यात टेप. टेप निव्वळ शोभेचा, कारण त्यांचा सगळा भरवसा स्वतःच्या डोळ्यावर. कागदावर काढून ठेवलेल्या नमुन्यांचा तर त्यांना तिटकारा होता. कागद हलत नाही, माणूस हलतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे दर हंगामाला नवी ऑर्डर आली की मधलं माप नव्यानं जिवंत माणसावर बेतायचं, आणि त्याच्यावरून जरा सैल सोडलं की मोठं, आवळलं की लहान. कोपऱ्यात एक लाकडी बाहुली उभी होती, पण तिच्यावर सगळे छत्र्या नि पिशव्या अडकवत. ती का वापरत नाही असं कुणी विचारलंच, तर मास्तरांचं उत्तर ठरलेलं. बाहुली खाली बसत नाही, हात वर करत नाही आणि जेवत नाही.

यातलं शेवटचं फार महत्त्वाचं. कारखान्याचा एक नियम होता, आणि तो मास्तरांनी देवाची आज्ञा असल्यासारखा पाळला होता. ट्रायल जेवणानंतरच. गणवेश घालून माणूस दिवसभर राबणार, मध्ये दोन घास खाणार, खाऊन परत कामाला लागणार. जेवणाआधी बसणारा आणि जेवल्यावर आवळणारा गणवेश म्हणजे पगार देऊन केलेली शिक्षा, असं ते म्हणत. म्हणून दुपारी डबे उरकले की मधली खिडकीपाशी उभी राहायची, कच्च्या टाक्यांचा सदरा अंगात चढवायची, आणि मास्तर सांगतील तसं वाकायची, उकिडवी बसायची, हात वर करून बसमधला, इथं नसलेला दांडा धरायची.

तिला हे काम मनापासून आवडायचं. कारखाना वरच्या मजल्यावर, खाली रस्ता, समोर बसथांबा. बसवाल्यांचे गणवेश इथंच शिवले जात. बस थांबली, मधल्या मापाचा कंडक्टर खाली उतरला, की ती शेजारच्या काजवालीला कोपरानं ढोसायची आणि म्हणायची, ती बघ, मी चालले. काजवाली म्हणजे काजं करणारी. वयानं मोठी, तोंडानं फाटकी आणि मनानं लोण्याची. ती म्हणायची, चाललीस खरी, पण मिशी कधी ठेवलीस? मग दोघी मशीनवर डोकं टेकवून हसत.

नंतर ते दुखणं आलं. कधी सुरू झालं ते विचारू नका, तिलाही धड सांगता येत नाही. धाकटीच्या लग्नातला एक फोटो होता आणि तो बघून आत्यानं टाकलेलं एक वाक्य होतं. आत्या बोलून विसरूनही गेली. मधली विसरली नाही. पण एका वाक्यानं कुणी असं आजारी पडत नाही, तेव्हा सगळं खापर आत्याच्या डोक्यावर फोडण्यात अर्थ नाही. आत काहीतरी आधीपासून वाट बघत बसलं असणार. मधली त्याला पुढे मुकादम म्हणायला लागली. हा मुकादम डोक्यात ठाण मांडून बसला आणि घासाघासाला हिशेब मागू लागला. आधी म्हणाला थोडं कमी. मग म्हणाला आणखी कमी. त्याला खूश करता येत नाही हे तिला फार उशिरा कळलं.

डबा रोज यायचा आणि तसाच परत जायचा. आज पोट ठीक नाही, आज घरून खाऊन आले, आज भूकच नाही. थापा मारण्यात ती इतकी तरबेज झाली की स्वतःलाही त्या खऱ्या वाटू लागल्या. त्यात भर घातली कौतुक करणाऱ्यांनी. किती बारीक झालीस, छान दिसतेस, आम्हालाही सांग की काय करतेस ते. या लोकांच्या तोंडाला कुणीतरी कच्चा टाका घालायला हवा होता. तिचे हात सदानकदा गार असत, जिना चढताना मध्येच थांबावं लागे, आणि काजवालीचे विनोद तिच्या कानांवरून नुसते वाहून जात. हसायलाही अंगात काहीतरी असावं लागतं.

आणि मास्तर? मास्तर रोज बघत होते, म्हणूनच त्यांना दिसलं नाही. रोजच्या रोज थोडं थोडं कमी होणारं माणूस डोळ्याला तसंच वाटतं. जेवणाची सुट्टी झाली की मधली नियमाप्रमाणे खिडकीपाशी उभी राही. पोट रिकामं आहे हे सांगणार कोण? मास्तर एक डोळा मिटून सदरा बेतत, तो तिच्या अंगावर झकास बसे, आणि त्यावरून बसडेपोचे सगळे गणवेश कापले जात. एका हंगामात थोडे चिंचोळे, पुढच्या हंगामात आणखी. मोठं माप मधल्यावरून, लहानही मधल्यावरूनच. मधलं माप दिवसेंदिवस आटत होतं आणि अख्ख्या कारखान्याला त्याचा पत्ता नव्हता.

पत्ता लागला तो बसडेपोत. एका सकाळी जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि एक कंडक्टरीण आत आली. पाठोपाठ एक ड्रायव्हरबाई, ती जरा संकोचलेली. कंडक्टरणीनं मुठीतलं बटण मास्तरांच्या टेबलावर ठेवलं. हे बटण काल तिच्या सदऱ्यावरून उडालं होतं ते थेट डेपोतल्या साहेबांच्या चहात. साहेबांनी चहा बदलून घेतला, पण तिची नोकरीभर थट्टा होणार ती होणारच. सगळे हसले. मास्तर हसले नाहीत, कारण बटण त्यांच्या कारखान्याचं होतं.

मग कंडक्टरणीनं खरी गोष्ट सांगितली. डेपोतल्या सगळ्यांनाच वाटायला लागलं होतं की आपण जाड झालो. उपाहारगृहातल्या आचाऱ्याला शिव्या बसत होत्या. ड्रायव्हर लोक एकमेकांची पोटं बघून टोमणे मारत होते. आणि ही माझ्याबरोबरची, असं म्हणून तिनं ड्रायव्हरबाईकडे बोट केलं, हिनं तर दुपारचं जेवणच सोडलंय. गणवेशात मावायचं म्हणून. काल थांब्यावर गाडी उभी करताना हिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

ड्रायव्हरबाईनं मान खाली घातली. म्हणाली, सवय होते हळूहळू, पहिल्यांदा जड जातं, मग भूकच मरते. आणि हे ती असं बोलली, जणू काही मोठं काम फत्ते केलंय.

हे वाक्य मधलीचंच होतं. शब्द न शब्द तिचा. ती रोज स्वतःला हेच सांगत आली होती, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते किती भयंकर आहे ते तिला आज पहिल्यांदा ऐकू आलं. हिच्या हातात भरलेली बस असते. आणि ही उपाशी आहे ती एका सदऱ्यापायी. आणि तो सदरा माझ्या अंगावर बेतलेला आहे.

ती मशीनवरून उठली.

"तुमचं काही चुकलेलं नाही," ती ड्रायव्हरबाईला म्हणाली. "गणवेश चुकलाय. तुम्ही जेवा."

मास्तरांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदा गळ्यातला टेप खरोखर मापायला म्हणून काढला आणि तिच्या खांद्याला लावला, मग कमरेला. मग तो हातात धरून ते नुसते उभे राहिले. माणसं त्यांना घाबरत, कारण ते कधी चुकत नसत. आज त्यांचा चेहरा पडला.

"मी कापडाकडे बघत राहिलो," ते हळूच म्हणाले. "आतल्या माणसाकडे बघायला हवं होतं. मधले, कधीपासून जेवली नाहीस तू?"

यावर थाप मारता आली असती. दहा थापा तिच्या जिभेवर तयार होत्या. त्याऐवजी ती रडली, सगळ्यांदेखत, नाक लाल होईपर्यंत, आणि काजवालीनं तिचं डोकं आपल्या पोटाशी धरून ठेवलं. आत्तापर्यंत एवढं वाईट वाचलंत, यापुढे बहुतेक चांगलंच आहे.

त्या संध्याकाळी थोरली तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई शांत होत्या. हा हट्ट नाही, नखरा नाही, आजार आहे, आणि आजाराला औषध असतं, असं त्यांनी दोघींना नीट समजावलं. इथं औषध म्हणजे बोलणं, तपासण्या, वेळेवर खाणं आणि पुष्कळ धीर. आरसा, काटा आणि टेप यांच्याशी काही काळ कट्टी. थोरलीनं तिला आपल्याकडेच राहायला नेलं. थोरलीचा स्वभाव पहिल्यापासून पोलिसी, त्यामुळे मधलीला वाटलं, आता आपल्यावर पहारा बसणार. पण थोरलीनं फक्त एक केलं. मधलीच्या ताटासमोर आपलं ताट घेऊन बसायची, आणि मधलीचं संपेपर्यंत उठायची नाही. शेजारणीच्या भानगडी रंगवून सांगायची. बटाटा गार व्हायचा, भात गार व्हायचा, भानगडी संपायच्या नाहीत. तिची शेजारीण मोठी कामाची बाई निघाली.

कारखान्यात मास्तरांनी फर्मान काढलं की मधलीपुढे कुणाच्याही गळ्यात टेप दिसता कामा नये. पहिला नंबर स्वतःचाच. टेपाशिवाय मास्तर असे दिसत, जसे काही आंघोळीहून तसेच बाहेर आले असावेत. काजवाली तोंडावर रुमाल धरून हसे. सगळे टेप शिवणकामाच्या कपाटात दडवले गेले, आणि मापं घ्यायला माणसं दुसऱ्या खोलीत चोरासारखी जात. बसडेपोचे आवळलेले सदरे एकेक करून परत आले. मास्तर शिवणीत नेहमीच भरपूर कापड आत सोडत, तेवढं बरं झालं. उसवून मोकळं करण्याचं काम मधलीनं हट्टानं मागून घेतलं. प्रत्येक शिवण मोकळी करताना तिला आतून बरं वाटायचं.

डेपोला हिवाळ्यासाठी कोट हवे होते. तिथल्या साहेबांनी, म्हणजे त्याच चहावाल्यांनी, निरोप धाडला की या खेपेला बाहुली वापरा, धोका नको. कारखान्यातही दोघातिघांचं तेच मत पडलं. मधलीनं ते ऐकलं आणि तिच्या काळजाचं पाणी झालं. तिला बरं व्हायचं होतं ते जगायलाच, पण खिडकीपाशी उभं राहून, ती बघ, मी चालले, असं म्हणायलाही व्हायचं होतं. ती जागा गेली असती तर मुकादमाला आयतंच निमित्त मिळालं असतं. मास्तरांनी साहेबांना उलट निरोप दिला. कोट मधलीवरच बेतला जाईल. थांबायचं असेल तर थांबा, नाहीतर बाहुलीला बस चालवायला बसवा. साहेब थांबले.

वाट सरळ नव्हती. एकदा मधलीनं आपला लोणी-पाव चिंध्यांच्या पोत्यात खुपसला. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही, पण मुंग्यांना कोण समजावणार? दुसऱ्या दिवशी पोत्यापासून दवाखान्यासाठी शिवलेल्या पांढऱ्या कोटांपर्यंत काळी रांग लागली. काजवालीनं पोतं उलटं केलं आणि पाव बघितला. नुसतं आपल्या डब्यातलं अर्धं उकडलेलं अंडं मधलीच्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, मुंग्यांनी पोटभर खाल्लं, आता तू खा. मधलीनं खाल्लं. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, लपवलंत हे जुनं, सांगितलंत हे नवं. मधलीला त्या दिवशी आपण हरलो असं वाटलं नाही.

आणि मग लहानसहान गोष्टी परत यायला लागल्या. आधी हात ऊबदार झाले, सुई धरताना कळलं. मग जिना एका दमात चढता आला. काजवालीच्या एका अत्यंत वाह्यात विनोदावर ती इतकी हसली की मशीनची शिलाई पार तिरकी गेली, आणि मास्तरांनी ती तिरकी शिलाई रागावण्याऐवजी सगळ्यांना दाखवली. लिंबू चाटल्यावर गालफडं आखडतात, हे ती विसरूनच गेली होती. एका संध्याकाळी कामावरून येताना रस्त्यावर ताज्या पावाचा वास आला आणि तिच्या पोटात कावळे ओरडायला लागले. ती चक्क थांबून ऐकत राहिली. मुकादम कुरकुरला, पण कावळ्यांचा आवाज मोठा होता. घरी येऊन ताट संपवलं आणि थोरलीला विचारलं, अजून आहे का? थोरलीच्या हातातला डाव भांड्यात पडला. तिनं तोंड फिरवलं, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली की कांद्याचा भारी त्रास होतो. त्या दिवशी घरात कांदा नव्हताच.

दरम्यान मास्तरांनी कोट बेतला होता. टेप नाही, आरसा नाही, फक्त डोळा, आणि तोही आता स्वतःवर शंका घेणारा. मग अस्तराचं कापड यायला उशीर झाला आणि कोट कच्च्या टाक्यांवर बरेच दिवस लटकत राहिला. अखेर साहेब स्वतः ट्रायल बघायला आले, सोबत कंडक्टरीण आणि ड्रायव्हरबाई. सकाळचीच वेळ होती. साहेबांना पुढे कुठल्याशा बैठकीला जायचं होतं. त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, चला, घाला कोट, आटपून टाकू.

मास्तरांनी मधलीकडे बघितलं. तिनं कोटाला हात लावला, मग काढून घेतला.

"मी अजून जेवले नाहीये," ती म्हणाली. "ट्रायल जेवणानंतर असते."

साहेब काहीतरी बोलणार होते, पण मास्तरांनी त्यांच्यासाठी आधीच स्टूल सरकवलं होतं. त्या दिवशी जेवणाची सुट्टी जरा लवकरच झाली. कापायच्या लांब टेबलावर डबे उघडले. कंडक्टरणीला जागा झाली, ड्रायव्हरबाईला जागा झाली. साहेब नको नको म्हणत काजवालीच्या डब्यातले दोन बटाटे खाऊन बसले आणि तिसऱ्याकडे बघू लागले. मधली हळूहळू जेवली, नीट जेवली, आणि तिच्यासमोर ड्रायव्हरबाई जेवली. दोघींनी एकमेकींकडे फारसं बघितलं नाही, पण दोघींचे डबे रिकामे झाले.

मग मधली खिडकीपाशी उभी राहिली. कोट चढवला. खांदे छान बसले, बाह्या छान बसल्या. ती पुढची बटणं लावू लागली. वरचं लागलं. पोटावरचं लागेना. तिनं ओढून लावलं, तर टाके ताणले गेले आणि कापडाला आडव्या चुण्या पडल्या.

काजवालीनं डोळे मिटून घेतले. एवढे महिने ज्याला सगळे भीत होते तो क्षण असा दिवसाढवळ्या समोर येऊन उभा राहिला होता. मुकादम आतून उठला, घसा साफ केला, आणि म्हणाला, बघितलंस? मधलीनं त्याचं ऐकून घेतलं. पोटावर हात ठेवला. पोट ऊबदार होतं, बटाट्यानं भरलेलं होतं, आणि तिचं होतं.

"मास्तर," ती म्हणाली, "कोट चुकलाय. उसवा."

मास्तरांना आपली चूक ऐकून खूश झालेलं कधी कुणी बघितलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांनी बघितलं. ते खडू शोधत राहिले, आणि खडू कानावरच होता. कात्री घेऊन त्यांनी दोन्ही बाजूंचे टाके सोडले, आत राखून ठेवलेलं कापड मोकळं केलं, परत टाचलं. बटण अलगद लागलं. मधली वाकली, उकिडवी बसली, हात वर करून नसलेला दांडा धरला. मग ड्रायव्हरबाईनं कोट मागितला, घातला, स्टुलावर बसून हवेत मोठं स्टिअरिंग फिरवलं आणि म्हणाली की असाच पाहिजे, जेवूनही गाडी चालवता येईल असा. साहेबांनी मान डोलावली आणि तिसरा बटाटा उचलला.

त्या हिवाळ्यात समोरच्या थांब्यावर बस थांबली, मधल्या मापाच्या कोटातली ड्रायव्हरबाई चहा प्यायला खाली उतरली आणि हातातला पाव चहात बुडवून खाऊ लागली. मधलीनं काजवालीला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, ती बघ, मी जेवतेय.